इस्तंबूलच्या बाजारातली हाक

परदेशात मी राहते त्या स्कारबरोच्या तुर्की ग्रोसरीत परवा कुणीतरी सफरचंदाच्या चहाचं पाकीट फोडलं आणि त्या आंबटगोड वासासरशी मला इस्तंबूलचा तो जुना, छताखालचा बाजार आठवला. आई गेल्यावर दोन वर्षांनी मी पहिल्यांदाच पुण्याला निघाले होते. ती गेली तेव्हा साथीमुळे विमानं बंद होती, मला पोचताच आलं नव्हतं. वाटेत एक दिवस इस्तंबूलला थांबून नवरा आणि मी घरच्यांसाठी भेटवस्तू घेत होतो. रंगीत काचेच्या दिव्यांखाली मी एक स्कार्फ चाचपत होते, तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून आवाज आला, "अगं, तो निळा बघ, तुला खुलेल!" तो आईचा आवाज होता. स्कार्फ तिथेच टाकून मी गर्दीतून धावले. पलीकडे एक अनोळखी मराठी बाई लेकीच्या खांद्यावर निळा स्कार्फ लावून बघत होत्या. मला रडताना पाहून त्या घाबरल्याच. "काय झालं गं?" "तुमचा आवाज अगदी माझ्या आईसारखा आहे. ती आता नाही," मी म्हटलं. "मला एकदा, ती विचारायची तसं, 'जेवलीस का' असं विचाराल?" त्यांनी माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "जेवलीस का, बाळा?" त्या विचारण्यानं बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण आता आईचा आवाज आठवायला गेले की कानात उमटतो तो तिचा, की त्या बाईंचा, हे मला ओळखता येत नाही.