सडका दोडका

बनाबाई माळणीचं तोंड हेच तिच्या वाडीचं कुंपण होतं. नवरा लवकर गेला, दीर नाही, लेकरू नाही. साखरखेर्ड्याच्या शिवेवर विहिरीकाठी ती एकटी मेथी, वांगी, दुधी पिकवायची आणि बाजारात टोपलं घेऊन बसायची. कोणी बांध कोरला किंवा कोणाचं ढोर आत शिरलं, की बनाबाई अशी काही सुरू व्हायची की ढोर बिचारं मालकाच्या आधी पळायचं. तिच्या शिव्या शेजारच्या गावांतही पाठ होत्या.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. शाळेत निवृत्ती गुरुजी नवे आले. नव्या राज्याची पिढी घडवायची म्हणून दर शनिवारी एका पोरानं उभं राहून ‘माझा आदर्श’ सांगायचा, असा त्यांनी नेम घातला. पोरं भिंतीवरच्या तसबिरींकडे बघून घडाघडा बोलायची आणि खाली बसून चिमटे काढायची. गुरुजी वैतागले. म्हणाले, “आता आपल्या गावातलं माणूस सांगा. तुम्ही रोज पाहता असं.”

चौथीतली आशा उठली. तिचं घर बनाबाईच्या वाडीला लागून. “माझा आदर्श बनाबाई,” ती म्हणाली.

वर्ग खदखदून हसला. आशा हटली नाही. “ती एकटी राह्यते, पन कोनाले भीत नाही. किडकं वांगं टोपल्याच्या बुडाशी लपवत नाही.”

“अन् शिव्या?” मागून कोणीतरी विचारलं.

आशाचे कान लाल झाले. “शिव्या तं तिनं सोडल्या!”

गुरुजी इतके खूश झाले, की हेच भाषण सव्वीस जानेवारीला झेंड्यापुढं, अख्ख्या गावासमोर करायचं त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. थाप आशानं मारली होती, पण आता ती सगळ्या गावाला ऐकू जाणार होती.

संध्याकाळी आशा रडतच वाडीत आली. बनाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. ‘आदर्श’ हा शब्द कानावर पडताच तिनं पदर खोचला. “कोन म्हनलं मले आदर्श? कोन्या भा—”

आशानं तिच्या तोंडावर हात दाबला. “मावशे, मीच म्हनलं! अन् तू शिव्या सोडल्या, असंबी सांगतलं. आदर्श म्हंजे ज्याच्यासारखं व्हावं वाटते, तो.”

बनाबाईच्या हातातली जुडी सुटली. तिच्यासारखं व्हावंसं आजवर कोणाला वाटलं नव्हतं. खुद्द तिलासुद्धा नाही. तिला इतका आनंद झाला, की काय बोलावं सुचेना. जे सुचत होतं, ते बोलायची आता सोय उरली नव्हती.

“रडू नको वं पोरी,” ती शेवटी म्हणाली. “तुहा शबुद खोटा नाही पडू देत मी.”

म्हणणं सोपं होतं. पुढच्याच बाजारात उकंडराव आले. मोठे कास्तकार, पण घेणार काही नाही आणि प्रत्येक दुधीला नख लावून पाहणार. “बने, जून दिसते हे.” शाळेची पोरं भोवती टपून उभीच होती. बनाबाईचा चेहरा तांबडालाल झाला. ओठ हलले, गिळले गेले, पुन्हा हलले.

“ठेव खाली! सडक्या... सडक्या दोडक्या!”

उकंडराव चक्रावले. पोरंही चक्रावली. ही शिवी धरावी की नाही? भांडण गुरुजींकडे गेलं. गुरुजींनी पुष्कळ विचार करून निकाल दिला, “दोडका ही भाजी आहे.”

मग काय विचारता! पोकळ मुळ्या, कडू कारल्या, किडक्या वांग्या; बनाबाईला सगळी वाडी मोकळी झाली. पोरांनीही आपापसात तेच सुरू केलं आणि गावातल्या आया गुरुजींना दुवा देऊ लागल्या.

झेंडावंदनाला बनाबाई धुतलेलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, खुर्चीच्या अगदी कडेला बसली. मेथीचं टोपलं शाळेच्या फाटकाशी ठेवलं होतं. आशा धीटपणे बोलत होती आणि तेवढ्यात उकंडरावांचा सुटलेला गोऱ्हा फाटकाशी आला. त्यानं टोपल्यात तोंड घातलं.

सगळ्यांनी पाहिलं. बनाबाई ताडकन उठली. रात्रंदिवस जपलेली मेथी होती ती. इथं दोडक्यानं भागणार नव्हतं. खरी, जुनी, ठेवणीतली शिवी तिच्या ओठांवर आली. नेमकी तेव्हाच आशा म्हणत होती, “बनाबाई शिव्या...” आणि ती तिथंच थांबली, बनाबाईकडे बघत.

बनाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं, पण शब्द आला नाही.

एवढ्यात पहिलीतलं एक पोरगं किंचाळलं, “सडक्या दोडक्या!” आणि अख्खी शाळा रांगा मोडून गोऱ्ह्यावर धावली. गोऱ्हा शेपूट वर करून पळाला. उकंडराव खाली मान घालून फाटकाशी गेले. त्यांनी सांडलेल्या जुड्या वेचल्या, टोपलं स्वतः उचलून आणून खुर्चीपाशी ठेवलं.

“चुकलं, बनाबाई,” ते म्हणाले.

लग्न होऊन आल्यापासून ती गावाची ‘बनी’ होती. आज पहिल्यांदा एका पुरुषानं तिला चारचौघांत ‘बाई’ म्हटलं होतं. ती खुर्चीवर बसली, या खेपेला पुरती टेकून.

“...शिव्या देत नाही,” आशानं वाक्य पुरं केलं. टाळ्या थांबता थांबेनात.

घरी जाताना बनाबाईनं तिला हळूच सांगितलं, “मनात एक देल्ली बरं का.”

“कोनती, मावशे?”

“ते तुले नाही सांगत,” बनाबाई मान ताठ करून म्हणाली. “मी आदर्श आहो.”