डोंगऱ्याच्या अंगावरचा रंग

पिंप्राळ्यातल्या घरी बसून हेमांगी मोबाइलवरच्या खेळांसाठी प्राणी रंगवायची. या वेळी पुण्याच्या कंपनीला सातपुड्यातला एक काल्पनिक प्राणी हवा होता. थोडा तरस, थोडा बोकड. त्याचं नाव डोंगऱ्या. अंगकाठी पसंत पडली, पण रंगावर गाडी अडली.

"पट्टे चिकटवल्यासारखे दिसताहेत," कंपनीतला प्रेमराज फोनवर म्हणाला. "कातडीतूनच उगवलेत असं वाटलं पाहिजे."

मग ती मेहरूण तलावावर जाऊन शेळ्या, कुत्री न्याहाळू लागली. पाठ गडद, पोट फिकट. पांढरं आलं तर आधी पायाशी, शेपटीच्या टोकाला, कपाळावर. धड तिला जमलं. तोंड काही केल्या जमेना.

शेजारीच रुपचंदकाका राहायचे. त्यांच्या बायकोला, भिकुकाकूला, कोड होतं. डोळ्यांभोवती, ओठांच्या कोपऱ्यांत पांढरे डाग. दोन्हीकडे सारखे, तरी तंतोतंत नाहीत. कडा नदीकाठासारख्या वेड्यावाकड्या. काकू गहू निवडायला बसली की हेमांगी समोर बसायची, गप्पा मारायची आणि घरी येऊन रंगवायची.

डोंगऱ्या जिवंत झाला. प्रेमराज खूश. त्या रविवारी काकूकडे शेवभाजीचा बेत होता, तेव्हा हेमांगीनं कौतुकानं टीव्हीवर चित्र लावलं.

काकांनी घास हातातच ठेवला आणि खो खो हसले. "अगं, हे जनावर तर आपल्याच घरातलं!"

हेमांगीला तोवर खरंच वाटत होतं की कुणाच्या लक्षात येणार नाही. तिच्या कानशिलांना चटका बसला. रिमोट सापडेना. काकू भाकरी वाढता वाढता थांबली, चित्राकडे बघत राहिली. माहेर साक्रीकडचं, बोलली तीही तिकडच्याच बोलीत.

"हाई मनंच तोंड शे ना?"

"काकू, मी... रंग फार सुंदर वाटले म्हणून..."

"माले एक सबद इचारता नही ऊना तुले?"

काकांनी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी ती माफी मागायला गेली. काकू ओट्यावर गहू चाळत होती. चाळता चाळताच म्हणाली, "तू मनाकडे टक लाईसन दखे. माले वाटे, पोर माया करस."

हेमांगीच्या त्या टक लावून बघण्याला काकू माया समजली होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन तिनं प्रेमराजला फोन केला. तोंड बदलते म्हणाली. "वेडी आहेस का? त्यातच तर जीव आहे!" तो चिडला. कारण सांगायचं म्हणजे पुन्हा काकूचं तोंडच चव्हाट्यावर मांडायचं. "मला ते नकोय," एवढंच ती म्हणाली. चार शेळ्यांचे फोटो समोर ठेवून तिनं कपाळावर साधा पांढरा टिळा काढला. कंपनीनं तो नवा डोंगऱ्या कुरकुरत घेतला. पहिल्याची सर त्याला नव्हती, हे तिलाही कळत होतं. आणि ते कळतंय याचीच तिला पुन्हा लाज वाटली.

काकूनं बोलणं टाकलं नाही. सणाला ताट येतं, चहाला हाक येते. फक्त हेमांगी आत शिरली की ती पदर गालापर्यंत ओढून घेते. बाजारात, लग्नात, सासरच्या सगळ्या माणसांत कधी तिनं तोंड झाकलं नव्हतं.