लुओ गुरुजींचा हात

आमच्या क्वांगफू गावाच्या दक्षिण वेशीपाशी कुणी नवा ताय-ची खेळणारा दिसला, की फानदादा त्याच्यापुढे उजवा हात धरणार. "या, जरा मनगट टेकवा." जन्म नट-बोल्टच्या कारखान्यात गेला, गुडघे कुरकुरतात, पण ही खोड काही जात नाही.

मनगटाला मनगट लावून दोघांनी गोल गोल फिरायचं. जोर लावलात तर हरलात, हात सुटला तरी हरलात. चिकटून राहायचं आणि समोरच्याचं वजन कुठे चाललंय ते कातडीनं ऐकायचं. फानदादा थोडं फिरतात, मान हलवतात आणि चालू पडतात. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला काय तोरा! मी वेशीपाशी नाश्ता विकते आणि त्यांच्याकडेच शिकते, त्यामुळे मला ठाऊक आहे. ते त्यांच्या गुरुजींचा हात शोधत असतात.

लुओ गुरुजींना जाऊन बरीच वर्षं झाली. "कसा होता हो तो हात?" मी एकदा विचारलं. "टेकवला की आपला तोल कधी गेला, कळायचंच नाही," दादा म्हणाले. "आणि पडल्यावर राग नाही, हसू यायचं. ते एकदा पुन्हा मिळालं ना, की मी मरायला मोकळा." त्यांनी सगळे गुरुबंधू चाचपून पाहिले होते. एकातही गुरुजी नव्हते.

यंदा छिंगमिंगला, पूर्वजांच्या कबरी झाडायच्या दिवशी, गुरुजींची मुलगी सूचिन आली. तिला दूर थांगशानला दिलेली. त्या काळी मुलीला ही विद्या शिकवत नसत; लग्न होऊन ती दुसऱ्याच्या घरी घेऊन जाईल ना! सूचिननं अंगणात चहा आणून दिला आणि शिष्यांचे घामट सदरे धुतले, एवढंच. कबर झाडून ती माझ्याकडे राळ्याची पेज प्यायला बसली होती, तेवढ्यात फानदादा आले.

"सूचिन! केवढी म्हातारी झालीस गं!"

"आणि तुम्ही काय कोवळे राहिलात, दादा?"

मग गुरुजींच्या आठवणी निघाल्या. आजारी पडल्यावर ते लेकीकडेच राहायला गेले होते.

"सराव करायचे का गं?" दादांनी विचारलं.

"कसला सराव? एक बाजू लुळी पडलेली. स्वयंपाकघरात येऊन म्हणायचे, हात टेकव, अंग आखडतंय माझं. मग भाजी शिजेपर्यंत मी त्यांच्याशी हात फिरवायचे. जोर लावला की असे ओरडायचे!"

दादांचा वाडगा हातातच राहिला. मी झारा खाली ठेवला.

"सूचिन, मनगट टेकव."

"मला काय येतंय डोंबल! आजारी माणसाची सेवा होती ती."

"टेकव गं बाई."

तिनं माझ्या फडक्याला हात पुसले आणि मनगट टेकवलं. फार वेळ गेला नाही. दादांच्या टाचा उचलल्या, ते मागच्या मागे गेले आणि माझ्या बाकड्यावर धपकन बसले. आधी पोट धरून हसले. मग हसता हसता रडायला लागले. "तेच गं! अगदी तेच!" मलाही भरून आलं. मला वाटलं, सुटला बिचारा.

पण सूचिन हात पुढे धरून तशीच उभी होती. "आता मला, दादा. तुम्ही त्यांचे लाडके. ते गेल्यापासून तसा हात मला कुणी लावलेला नाही."

पुन्हा मनगटं टेकली. सूचिननं डोळे मिटले. ते दोघं खूप वेळ फिरत राहिले, माझी पेज तळाला लागली तरी मी हलले नाही. शेवटी तिनंच हात काढून घेतला.

"यात बाबा नाहीत."

"नीट बघ की."

"बघितलं. तुमचा खांदा वर चढतो, दादा. हात येतो तोच काहीतरी मागत येतो. बाबा काही मागायचे नाहीत." हे तिनं खवचटपणे म्हटलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते. पण तिचा चेहरा रडवेला झाला होता. बसची वेळ झाली आणि ती गेली.

"तोंडावर बोलायची काय गरज होती?" मी धुसफुसले.

"खरं तेच बोलली," दादा म्हणाले. "गुरुजींनी स्वतःच्या हातानं ठेवलं होतं गं माझ्यात. मी दारोदार शोधत फिरलो, तेवढ्यात घरातलंच गेलं."

आता ते रोज पहाटे खंदकाच्या काठी मिठी मारल्यासारखे हात गोल धरून उभे असतात. पाय लटपटतात. मी म्हणते, आधी चार घास खा. ऐकतात थोडेच!

"पुढच्या छिंगमिंगला येईल ती," परवा म्हणाले. "एवढ्या लांबून पोर बापाला भेटायला येते, कबरीत काय ठेवलंय? तोवर हा खांदा खाली यायला हवा."

खांदा अजून वरच आहे. मी त्यांची पेज झाकून ठेवते.