एकशे एकवीस वर्षांची अट

माझ्या साडूइतका हुशार मूर्ख अख्ख्या पंजाब-हरियाणात सापडायचा नाही, आणि हे मी दोन्ही राज्यांच्या राजधानीत, चंडीगडमध्ये बसून पूर्ण जबाबदारीने सांगतो. त्याची आणि माझी बायको सख्ख्या बहिणी. त्यामुळे बँकेने माझी इकडे बदली केली तेव्हा "तिथे आपलं माणूस आहे" असं मला सांगण्यात आलं. माणूस होतं, पण आपलं की उंदरांचं, हे अजून ठरायचंय. पेशीतला डीएनए रोज कसा तुटतो, पेशी तो कसा सांधते आणि सांधणं जमेनासं झालं की म्हातारपण कसं येतं, यावर हा गृहस्थ वीस वर्षं उंदरांच्या संगतीत संशोधन करतो आहे. म्हणजे जगातल्या सगळ्यात बारीक दुरुस्तीचा हा तज्ज्ञ. चंडीगडला लागून असलेल्या खरड गावातल्या त्याच्या फ्लॅटमधला नळ मात्र मी इथे आल्यापासून गळतो आहे, आणि दारावरची बेल दाबणाऱ्याला शॉक बसतो. "प्लंबरला बोलाव की," म्हटलं तर म्हणतो, "बिघाड आधी समजून घ्यावा लागतो."

थंडीत चार दिवसांचं धुकं फाटून ऊन पडलं की सगळी सोसायटी शेंगदाणे आणि रेवड्या घेऊन गच्चीवर धावते. हा येतो तो काळी छत्री उघडून. उन्हाने डीएनए तुटतो ना! शेजारचे सरदारजी दर वेळी विचारतात, "डॉक्टर साब, बारिश किधर है?" आणि हा दर वेळी त्यांना अतिनील किरणांवर व्याख्यान देतो. ते सगळं ऐकून घेतात, "पक्का, जी" म्हणतात आणि खुर्ची आणखी उन्हात सरकवतात. भरीत हा खात नाही, कारण वांगं जळलेलं असतं. माझ्या पन्नाशीला मी केकवर सुरी ठेवली, तेव्हा माझी मान निरखून म्हणाला, "तुझ्या पेशी मात्र साठीच्या दिसतात रे." हीच त्याची भेट. दुसरी आणलीच नव्हती.

पण गेल्या वर्षी त्याने कहर केला. त्याची आई देवरूखहून त्याच्याकडे राहायला आली होती. एक्याऐंशी पूर्ण, पाठ वाकलेली, जीभ सरळ. हजार पौर्णिमा पाहिल्या, आता सहस्रचंद्रदर्शन लेकाच्या हातून व्हावं, एवढंच तिचं मागणं. जिना चढताना तिला धाप लागत होती, त्यामुळे लांबवण्यात अर्थ नव्हता. गुरुजी ठरले, आणि साडूने आकडेमोडीचा कागद माझ्यापुढे केला.

"कोकणात चार महिने ढग असतात. त्या पौर्णिमा तिने पाहिल्या असं धरता येणार नाही. त्या वजा केल्या, तर हजार भरायला तिला एकशे एकवीस वर्षं लागतील."

माझं डोकं फिरलं. "अरे, म्हातारपणावर पेपर लिहितोस आणि घरातली म्हातारी दिसत नाही तुला?"

तो कागदाची घडी घालत राहिला. मग हळूच म्हणाला, "दिसते. समारंभ झाला की सगळे म्हणतात, सोनं झालं, आता काही राहिलं नाही. तिचं काहीतरी राहू दे ना, यार."

तेवढ्यात आतून आईच बोलली, "बाळ, ढग असले तरी पंचांगात वेळ बघून मी हात जोडायची. दिसला नाही म्हणून उगवला नाही होय रे?"

शास्त्रज्ञाने कागद खिशात टाकला.

समारंभ झाला. साडू सोवळं सावरत, प्रत्येक मंत्राचा अर्थ विचारून गुरुजींना हैराण करत तासभर आईशेजारी बसला. दिव्यांचं ताट ओवाळलं गेलं तेव्हा आमच्या मेहुणीने डोळे पुसले आणि कुणीतरी म्हणालंच, "सोनं झालं हो!"

गुरुजी चपला घालत होते. साडू त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेला.

"गुरुजी, यापुढचं कधी असतं?"

"पंच्याऐंशीला शांत असते. मग नव्वदीला, पंच्याण्णवला आणि शंभरीला."

"चारही पक्क्या समजा," तो म्हणाला. "तारखा आत्ताच सांगून ठेवा. तेव्हा तुम्ही दुसरीकडे कुठे जायचं नाही."

गुरुजी स्वतः सत्तरीचे. ते हसले नाहीत. एक चप्पल पायात, एक हातात, तशाच अवस्थेत त्यांनी पिशवीतून पंचांग काढलं.