विनंतीची चिठ्ठी

हे लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात आजवर अर्ज आणि पत्रं सोडून कुणी काही लिहिलेलं नाही. वडील सेंट्रिंगचं काम करतात, आई एका दवाखान्यात आया आहे, आणि कॉलेजात पाय ठेवणारा घरातला मी पहिलाच. स्वतःबद्दल लिहिणं हे ज्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही आहे त्यांचं काम, असं मला अजूनही वाटतं. माझ्याजवळ फक्त एक चूक आहे. ती ज्याला सांगायला हवी तो माझ्याशी बोलत नाही, म्हणून कागदावर उतरवतो आहे. कुठं चुकलो तर सांभाळून घ्या.

आम्ही ख्रिस्ती. छावणीजवळ राहतो. आजोबांचे वडील मात्र खुलताबादच्या पलीकडच्या एका खेड्यात, गावाबाहेरच्या वस्तीत राहायचे. आम्ही ख्रिस्ती कसे झालो, ही गोष्ट आजोबांनी मला इतक्यांदा सांगितलीय की मी ती त्यांच्याच आवाजात ऐकतो. पणजोबा तापानं फणफणले होते. गावातलं कुणी त्यांच्या दारात येणं शक्यच नव्हतं. तेव्हा सायकलवरून हिंडणारे एक उपदेशक आले, वाकून आत शिरले, बाजेशेजारी जमिनीवर बसले आणि प्रार्थनेत पणजोबांचं पूर्ण नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, अदबीनं. तोवर गावात त्यांना कुणी अर्ध्या नावाच्या पुढं हाक मारली नव्हती. ताप उतरला की नाही, ते आजोबा कधीच सांगत नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “उतरला असंल की. नाय तर मी कुठून आलो असतो?”

आजोबांनी उभी हयात मिशनच्या दवाखान्याच्या फाटकावर काढली. खेड्यापाड्यांतून आलेल्या पेशंटांची घरी जाणारी पत्रं तेच लिहायचे. त्यामुळं असेल, त्यांची प्रार्थनाही पत्रासारखी असते. संध्याकाळी सात वाजता आम्ही सगळे चटईवर बसतो आणि प्रत्येकानं एकेक विनंती सांगायची. मोघम चालत नाही. ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव, गाव, अडचण, सगळं नीट सांगायचं. मी सहा-सात वर्षांचा असताना एकदा घाईत म्हणालो होतो, देवा, सगळ्यांना सुखी ठेव. आजोबांनी एक डोळा उघडला. “सगळ्यांना म्हणजे कुणाला?”

मला या घराची लाज वाटायची असं नाही. पण शाळेत मी घरचं फारसं सांगायचो नाही. सांगितलं की पोरं विचारत, तुम्ही घरात इंग्रजी बोलता का? माझ्या वडिलांना इंग्रजीत सहीसुद्धा येत नाही. हळूहळू गप्प राहायची सवयच लागली. रविवारी उपासनेला मी एक असायचो आणि सोमवारी वर्गात दुसरा, आणि या दोघांना एकत्र ओळखणारं कुणी नव्हतं.

अकरावीत तसा ओळखणारा एक जण भेटला. कन्नड तालुक्यातला, घरची शेती असलेला, माझ्याच बाकावर बसणारा. त्याच्या वडिलांनी त्याला डॉक्टर करायचं म्हणून शहरात आणून एका मोठ्या क्लासला घातलं होतं, आणि सिडकोत एका खोलीत तिघांबरोबर त्याची कॉट होती. मला क्लास परवडणारा नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यानं क्लासची जाडजूड पुस्तकं माझ्यापुढं सरकवली. रात्री तू वाच, सकाळी मला समजावून सांग, म्हणाला. रसायनशास्त्र त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं, माझ्या शिरायचं. असा आमचा व्यवहार सुरू झाला आणि लवकरच तो व्यवहार राहिला नाही.

नाताळला मी त्याला घरी आणलं. आईनं करंज्या, शंकरपाळे, चकल्या पुढं ठेवल्या. तो ताटाकडं बघत राहिला. “काकू, ही तर दिवाळी झाली,” तो म्हणाला. “मग तुमचा केक कुठाय?” आईनं केकही आणला. दोन्ही खाऊन तो मला म्हणाला की तुमचा धर्म लई सोयीचा दिसतो. आजोबांनी त्याला “सलाम” केला, आमच्यात तसंच म्हणतात, तेव्हा त्यानंही कपाळाला हात लावून सलाम केला, जसा काही जन्मभर करत आलाय. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं, मी एकच माणूस आहे.

बारावी लागली आणि तो बदलू लागला. क्लासमध्ये दर आठवड्याला परीक्षा व्हायची आणि निकालाचा कागद दाराशी लागायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याचं नाव खाली खाली जात राहिलं. नंतर तो कॉलेजातही क्वचित दिसू लागला. डिसेंबरात एका दुपारी मी त्याला गाठलं, तर तो बसस्थानकात बाकड्यावर बसला होता. पिशवी नाही, कुठं जायचंही नाही. दोन महिने झाले होते तो क्लासला गेलाच नव्हता. सकाळी खोलीतून निघायचा, कधी वेरूळच्या बसमध्ये बसायचा, तिथं दगडावर दिवस काढून संध्याकाळी परत यायचा. गैरहजेरीचे मेसेज घरी जायला हवे होते. पण फॉर्मवर वडिलांचा म्हणून त्यानं स्वतःचाच दुसरा नंबर लिहिला होता.

हे सगळं त्यानं हसत सांगितलं. मग हसणं थांबलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणाला, आणि उजाडलं की वाटतं, उजाडलंच नसतं तर बरं झालं असतं.  घरी सांग, असं मी म्हणालो असेन. त्यानं माझं मनगट धरलं.

“कुणाला बोलायचं नाय. बापानं बैल विकल्यासारखं तोंड करून मला इथं सोडलंय. शपथ घे.”

मी शपथ घेतली नाही, आमच्यात घेत नाहीत. पण शब्द दिला.

तो शब्द मी पाळला असंच मला वाटत होतं, हे इथं लिहिताना फार अवघड जातंय. आईला सांगितलं नाही. सरांना सांगितलं नाही. आजोबांच्या चटईवरही त्याचं नाव काढलं नाही, कारण आई ऐकेल. पण तो जे बोलला ते माझ्या छातीवर बसलं होतं, आणि ते एकट्याला पेलवत नव्हतं. आमच्या चर्चच्या दाराशी विनंत्यांची पेटी असते. तिच्यातल्या चिठ्ठ्या बुधवारी प्रार्थनेला बसणाऱ्या चार-पाच म्हाताऱ्या बायका मनात वाचतात आणि फाडून टाकतात. मी चिठ्ठी लिहिली. देवाला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, असं मी धरून चाललो. आणि लिहिली ती आजोबांनी शिकवल्यासारखी: त्याचं पूर्ण नाव, गाव, क्लासचं नाव, दोन महिने जात नाही, रात्री झोप नाही, जगावंसं वाटत नाही. काही मोघम ठेवलं नाही. खाली माझं नाव लिहिलं.

त्या रविवारी परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी खास प्रार्थना होती. पाळकसाहेबांनी पेटीच उघडून समोर घेतली आणि एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचू लागले. माझी चिठ्ठी तिसरी की चौथी होती. मी उठून थांबवायला हवं होतं. मी मान खाली घालून बसलो, आणि सगळी मंडळी “आमेन” म्हणाली तेव्हा माझ्याही तोंडून आमेन गेलं.

मंडळीत एक बाई होत्या, त्याच क्लासच्या ऑफिसात काम करणाऱ्या. वाईट बाई नव्हेत. त्यांनी सोमवारी हजेरी तपासली, घरचा खरा नंबर शोधून काढला आणि वडिलांना फोन केला. त्या जागी मी असतो तर मीही केला असता. की नसता केला? मी तर त्यांच्याआधी सगळं जाणून होतो.

मंगळवारी मी त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा खाली जीप उभी होती. वडील जीपला टेकून उभे होते, कुणाकडं न बघता. वर तो गादी गुंडाळत होता. मी दुसरं टोक धरायला गेलो. त्यानं गादी ओढून घेतली.

“कुणाला सांगितलंस?”

मी म्हणालो, कुणालाच नाही. मी फक्त प्रार्थना केली.

“माझं नाव घेऊन?”

“हो.”

“गाव पण?”

मी मान हलवली. त्यानं गादीवर दोरीची गाठ आवळली.

“तुझ्या देवाला माझं गाव माहीत नव्हतं व्हय?” तो म्हणाला.

हे तो ओरडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला, खाली वडिलांना ऐकू जाऊ नये म्हणून. मग गादी खांद्यावर घेऊन जिना उतरला.

मी फोन केले, लागले नाहीत. मेसेजवर एकच बरोबरची खूण यायची, कधी दुसरी आली नाही. चर्चमध्ये बायका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत, पोरा, तू जीव वाचवलास. ते ऐकलं की मला जास्तच एकटं वाटायचं. वाचला की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. आजोबांना मी शेवटी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, तू बरोबर केलंस, मीच तर शिकवलं. ते चटई अंथरायला उठले. त्या संध्याकाळी त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, “त्या लेकरासाठी,” आणि थांबले. एवढं मोघम त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

बारावीचे पेपर दिले. वर्गात बाकावर एकटाच बसायचो. मार्क बरे पडले, बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वडिलांनी कॉलेजच्या फाटकापाशी माझा फोटो काढला आणि तो कामावरच्या सगळ्यांना दाखवला. मीही खूश होतो. पण ते कुणाला सांगावं, असा प्रश्न पडला आणि मी कुणालाच सांगितलं नाही. पेपर वाचताना मी कन्नडच्या बातम्यांचं पान आधी उघडायचो आणि भीत भीत खालपर्यंत वाचायचो. मुलगा, वय अठरा, असं काही दिसलं की आधी गावाचं नाव शोधायचो. प्रार्थना मात्र होईना. डोळे मिटले की तोंडाशी त्याचं नाव यायचं आणि मी डोळे उघडायचो. पाप अमुकच होतं असं मी म्हणू शकत नाही. मी दिलेला शब्द मोडला, आणि मोडला नसता तर तो आज कुठं असता, हेही माहीत नाही. या दोन गोष्टींच्या मध्ये मी वर्षभर बसून होतो.

बातमी गेल्या महिन्यात आली. आमच्या कॉलेजात प्रवेशाच्या रांगेत एक मुलगा पुढं उभा होता. फॉर्मवर त्यानं लिहिलेलं गाव मी मागून वाचलं, माझ्या चिठ्ठीतलंच. त्याला कुठली कागदपत्रं कुठं लावायची ते दाखवलं आणि मग विचारलं, अमक्या घरचा मुलगा ओळखतोस का. तो हसला. शेताला शेत लागून आहे, म्हणाला.

माझा मित्र बरा होता. एक वर्ष वाया गेलं, पण मागच्या परीक्षेत कन्नडहूनच बारावी झाला, आर्ट्सला. घरी अद्रकाचं पीक आहे, वडिलांच्या बरोबरीनं शेतात असतो. सुरुवातीचे काही महिने त्याचे वडील त्याच्याच खोलीत अंथरूण टाकून झोपत. त्याला एका डॉक्टरकडंही नेत होते. आता नेत नाहीत.

माझ्याबद्दल कधी काही बोलला का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. रांग पुढं सरकली. मी दुसरंच विचारलं: त्याला झोप लागते का? मुलाला ते चमत्कारिक वाटलं असावं.

“लई झोपतो,” तो म्हणाला. “सकाळी बाप पाणी मारतो तोंडावर, तवा उठतो.”