मावशीच्या घरावरचा चिंचोका

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. मावशीनं मला आपल्याजवळ ठेवून घेतलं, पहाटे उठवून डबा दिला आणि रोज कुंभकोणमच्या बसमध्ये बसवलं, म्हणून ते झालं. त्याच शिक्षणावर लागलेल्या नोकरीनं एक दिवस मला मावशीच्याच गावात, तिच्याच घराच्या नकाशापुढं उभं केलं. त्या सकाळी मी जितकी भ्याले, तितकी कुठल्या परीक्षेला भ्याले नव्हते.

काम असं. आमची छोटी संस्था गावांचे नकाशे करते. छप्पर कशाचं, गॅस आहे का, विजेचा मीटर आहे का, ही सरकारी माहिती संगणकात घातली की प्रत्येक घराला रंग येतो. लाल म्हणजे हलाखीचं, हिरवं म्हणजे बरं. ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात इकडे शेतं पाण्याखाली जातात, कामं थांबतात. तेव्हा लाल घरांतल्या एकट्या म्हाताऱ्यांना रोज दुपारी शिजलेलं जेवण पोचवायचं ठरलं होतं. मावशीचं गाव नाचियार्कोविलच्या बसरस्त्यावर. तिचं घर हिरवं. सिमेंटचं छप्पर, गॅस, मीटर, सगळं होतं.

ते हिरवं खोटं आहे, हे मला ठाऊक होतं. रोज अकराच्या सुमाराला मावशीच्या घरात मोहरी तडतडते. हिंग-कढीलिंबाचा वास गल्लीभर जातो. एकदा न सांगता मी त्याच वेळेला दार ढकलून आत गेले, तर कढईत नुसती फोडणी. शेगडीवर दुसरं भांडं नाही, डब्यात तांदूळ नाही.

"माझं जेवण झालं," मावशी म्हणाली. "मज काय कमी आहे?"

आमची माणसं कधीकाळी तंजावरच्या दरबाराशी जोडलेली. दरबार गेला त्याला किती पिढ्या झाल्या, पण मावशीची बोलण्याची ढब तीच, आणि ताठाही तोच. मी तांदूळ नेले की ती माझ्यादेखत देवळातल्या अन्नदानाला देऊन यायची. "ज्या पोरीला मी भरवलं, तिचं खाऊ?" अशातच एकदा ती हातपंपाशी चक्कर येऊन पडली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, यांच्या पोटात अन्न नाही, पुन्हा अशा पडल्या तर उठतील असं मी सांगू शकत नाही.

ऑफिसात बसून रंग बदलता आला असता तर बदलला असता. पण आमच्याकडे गावानं चारचौघांत ठरवलेलंच धरतात. नाहीतर जो तो आपली मावशी लाल करील. म्हणून आम्ही गावातल्या बायकांना देवळाच्या मंडपात बोलावतो. त्या कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, पिठानं जमिनीवर गाव काढतात, आणि ज्या घरात पावसात दोन वेळचं जेवण होत नाही, तिथं चिंचोका ठेवतात. चिंचोका पडलेलं घर नकाशात लाल होतं.

बायका रंगात आल्या होत्या. शिकलेली म्हणून मला त्या टीचरम्मा म्हणत. "टीचरम्मा, एवढ्यानं काय होतंय? चिंचोक्यांचं पोतं आण!" एकीनं स्वतःच्याच घरावर बोट ठेवलं. "इथं अर्धा ठेव. माझा नवरा दोनदा जेवतो, मी एकदा." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझी नजर पिठातल्या मावशीच्या गल्लीवर होती. चिंचोके ठेवणारा हात एकेक घर करत तिकडेच सरकत होता.

चिंचोका पडला तर मावशी उद्यापासून गल्लीत तोंड दाखवणार नाही. लाजेनं दार लावून घेतलेलं एक म्हातारं माणूस मी या कामात पाहिलं आहे. ते दार शेवटी शेजाऱ्यांनी तोडलं. आणि चिंचोका नाही पडला, तर पावसात ती घरातच पडेल आणि कोणाला कळणारही नाही. काय मागावं देवाकडे, तेच मला कळेना.

मावशीच्या शेजारी फुलं ओवणारी एक बाई राहते. त्या दिवशी चिंचोके तिच्या हातात होते. तिचा हात मावशीच्या घरावर आला, आणि न थांबता पुढच्या घरावर गेला.

"हे राहिलं की," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

"ते कशाला? ती मोठी माणसं." कोणी वर बघेना. "टीचरम्मा, पुढचं घर घे."

तेव्हा मला कळलं, सगळ्यांना ठाऊक आहे.

तरी बोलले, "ती माझी मावशी आहे. तिच्या कढईत नुसती फोडणी असते."

"मग आम्हाला काय सांगतेस?" फुलवाली माझ्यावरच उखडली. "वास येतो, पण मागून भांडी घासल्याचा आवाज कधी येत नाही. आम्हाला कान नाहीत?"

"मग बोलला का नाहीत, अक्का?"

"आम्हाला कळू नये म्हणून तिनं एवढी मोहरी जाळली. आम्ही कुठल्या तोंडानं बोलायचं?"

तिनं चिंचोका माझ्या हातात दिला. तो मीच ठेवला.

मावशीच्या दारात पोचेपर्यंत बातमी माझ्याआधी गेली होती. दार बंद, आतून कडी. हाक मारली, कडी वाजवली. कान लावला. आत इतकी शांतता की मला ते तोडलेलं दार आठवलं. खूप वेळानं आवाज आला.

"कोण कोण होतं?"

"सगळ्या होत्या."

"फुलवाली?"

"तीही."

"ती काय म्हणाली?"

सांगितलं. मग मावशी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "भांडी. ते माझ्या ध्यानातच आलं नाही." आणि मग, "जा तू."

पाऊस लागेपर्यंत तिनं मला दार उघडलं नाही. मी रोज फुलवालीला फोन करायची, आज दिसली का? पंपावर आली होती, एवढंच ती सांगायची. तेवढ्यावर मी रात्र काढायची.

जेवण पोचवण्याच्या पहिल्या दिवशी डबेवालीबरोबर मी गेले. समोरच्या दारांत बायका उभ्या. आम्ही कडी वाजवली, थांबलो, पुन्हा वाजवली. दार उघडलं. मावशी धुतलेलं लुगडं नेसून ताठ उभी होती. वाळली होती. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात डबेवालीला म्हणाली, "दारात काय देतेस? मी भिकारीण नव्हे. आत ये, पान मांड, वाढ." आणि मला म्हणाली, "तू बाहेर बैस."

मी ओट्यावर बसले. समोरच्या बायका हळूच आत गेल्या. पाऊस पन्हळीतून पडत होता आणि मला आतलं काही ऐकू येत नव्हतं. ती जेवते आहे, की पानावरून उठली, की डबेवालीलाच जेवायला बसवलं आहे? तिचा भरवसा नव्हता.

मग आतून मावशीचा आवाज आला, तसाच करडा.

"आणखी भात आहे का?"