आत्याचा सोनटक्का

आमच्या घरी येणाऱ्या कुणालाही आत्या पाय धुतल्याशिवाय आत घेत नसे, आणि पाय धुवायचे ते तिनं सांगितलेल्या जागीच. अंगणात नळ होता. तरी जावई असो की पोस्टमन, हातात तांब्या देऊन ती घराला वळसा घालायला लावी. "मागं जा. तिथं दगड हाय, त्याच्यावर उभे रा."

त्या दगडालगत तिचा सोनटक्का होता. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर म्हसा गावच्या सासरहून खर्डीला माहेरी आली ती एक ट्रंक आणि ओल्या फडक्यात बांधलेला सोनटक्क्याचा कंद घेऊन. "सासरचं काय आणलंस?" असं कुणी खोचकपणे विचारलं, की ती घरामागच्या सोनटक्क्याच्या वाफ्याकडे बोट दाखवी. न्हाणीचं पाणी थेट वाफ्यात जाई. भाद्रपदात संध्याकाळी पांढरी फुलं उमलली की वास ओटीपर्यंत यायचा.

चूक माझी. नोकरी लागल्यावर मी हौसेनं टाइल्सचं बाथरूम बांधलं, न्हाणी पाडली आणि पाणी पाइपातून शोषखड्ड्यात सोडलं. आत्याला विचारायचं सुचलंसुद्धा नाही. होळीपर्यंत सोनटक्का वाळून करकरायला लागला. खजील होऊन मी बादली उचलली, तर म्हणाली, "चार दिस घालशील रे. मंग तुझी ड्युटी, तुझा टाइम. त्याला रोजचं पानी पायजे."

त्या दिवसापासून भांडी तिथं, तांदूळ धुतलेलं पाणी तिथं आणि आल्यागेल्याचे पायही तिथंच. आषाढात वाफा पुन्हा डोक्याएवढा झाला.

धसईहून मुलीकडची मंडळी आली तेव्हा मुलीचे काका चिडले. "आमाला मागल्या दारी धाडता?"

"पुढं नुसता चाय मिळंल. मागं फूल पन मिळंल," आत्या म्हणाली आणि त्यांच्या हातात एक कळी ठेवली. "पेल्यात पानी घालून ठेवा. सांजंला उमलंल." माझं लग्न त्या कळीनं जमवलं, असं ती शेवटपर्यंत सांगे. मी ते कधी खोडून काढलं नाही.

गेल्या वैशाखात आत्या गेली. महिनाभर ती अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे वाफ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. स्मशानातून आम्ही परतलो तेव्हा बायकोनं पाय धुवायला दारात बादली ठेवली होती. पुढे शेजारचे नाना होते. त्यांनी बादली उचलली आणि घराला वळसा घातला. मागोमाग सगळे गेले. एकेक जण दगडावर उभा राहून पाय धूत होता, बादल्या भरून येत होत्या आणि भेगाळलेल्या वाफ्यात पाणी मुरत होतं. दिवसभर आवरलेलं रडू मला तिथं आवरलं नाही.

भाद्रपदात सोनटक्का फुलला. पहिली कळी बायकोनं पेल्यात घालून आत्याच्या ट्रंकेवर ठेवली. संध्याकाळी मी कामावरून आलो, तर वास ओटीपर्यंत आलेला. पायरीवर ठेवलेला पाय मागे घेतला, तांब्या उचलला आणि घराला वळसा घालून मागे गेलो.